इन्शुलिनचे पेन आणि आजीची रोजकीर्द

गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आमच्या आजीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ती मला काकांच्या नावाने हाक मारू लागली. रक्तातली साखर उतरल्याची ही लक्षणे. आईने पाण्यात तीन चमचे साखर ढवळून तिला पाजली. पंधरा-वीस मिनिटांत आजी सावरली. मग उलगडा झाला : इन्शुलिन घेतले की नाही हे न आठवल्यामुळे तिने ते दोनदा टोचून घेतले होते. मी तिच्यावर ओरडलो. त्याची खंत अजून आहे. हा लेख त्या खंतीतूनच लिहीत आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. पण आजीची चूक मुळात हिशेबातली होती. व्यवहार झाला, नोंद राहिली, म्हणून तोच व्यवहार पुन्हा झाला.

टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली इन्शुलिन मिळवले. पुढे अनेक वर्षे बाटली आणि सिरिंज हीच साधने होती. १९८५ साली नोव्हो कंपनीने इन्शुलिनचे पेन आणले. आता नोंद ठेवणारी पेने निघाली आहेत. ‘नोव्होपेन ६’चे उदाहरण घ्या. किती युनिट घेतले व केव्हा, हे ते स्वतः टिपते. ८०० नोंदी साठवते आणि मोबाइलजवळ धरले की त्या नोंदी मोबाइलवर उतरवते. थोडक्यात, हे पेन स्वतःची रोजकीर्द लिहिते.

याचा उपयोग होतो का? स्वीडनमधील १२ केंद्रांत टाइप १ मधुमेहाच्या ९४ प्रौढांना असे पेन दिले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार जेवणाच्या वेळचे चुकलेले डोस ४३ टक्क्यांनी घटले आणि साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ दिवसाला सरासरी १.९ तासांनी वाढला. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय आजीचा मधुमेह टाइप २ आहे. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे तिला लागू करणे बरोबर नाही.

लंडनचे काका पेन पाठवायला तयार झाले, तेव्हा घरात चर्चा झाली. आजी म्हणाली, “म्हणजे घरात एक चहाडखोर आणून ठेवणार!” मग हळूच कबूल केले, की लग्नाकार्यात चारचौघांत सुई टोचायची लाज वाटते म्हणून ती कधीकधी डोस चुकवते. ते लंडनपर्यंत कळावे, हे तिला नको होते. शेजारचे निवृत्त कन्नड मास्तरही इन्शुलिन घेतात. ते मात्र खूश झाले. “लेक्क सरी इरबेकु,” म्हणाले. हिशेब चोख हवा. त्यांची अडचण वेगळी : मोबाइल चालवता येत नाही. त्यावर उत्तर आहे. शेवटचा डोस किती व केव्हा घेतला, हे पेनवरच्या छोट्या खिडकीतही दिसते.

एक सावधगिरी मात्र हवी. आजीच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर पेनच्या काडतुसात १००. काडतुसातले इन्शुलिन ४०च्या सिरिंजने ओढले, तर डोस अडीचपट होईल. म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि पेन फक्त बाहेर पडलेले युनिट मोजते. ते शरीरात गेले की नाही, हे त्याला कळत नाही.

मला यातून एक गोष्ट पटली. हिशेब दोन कारणांसाठी पाहिला जातो : धंदा सावरण्यासाठी आणि चोर पकडण्यासाठी. रुग्णाला दुसऱ्या कारणाचा वास आला, की तो वही लपवतो. मी त्या संध्याकाळी ओरडलो नसतो, तर लग्नातले चुकलेले डोस आजीने कदाचित आधीच सांगितले असते.

पेन यायचे तेव्हा येईल. तूर्त फ्रिजजवळ दोरीने एक वही टांगली आहे : तारीख, वेळ, युनिट. टोचून झाले की आजी स्वतः बरोबरची खूण करते. तिची अट एकच आहे : “वही माझी. मी दाखवीन तेव्हाच बघायची.”

काल तिने आपणहून दाखवली. दोन रकाने कोरे होते. मी काहीच बोललो नाही. वही घेऊन आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो.