मेंदूविकारांचे संशोधन : प्रयोगशाळेपासून गावापर्यंत

मानवी विकासाचे मोजमाप करताना आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न ही तीन परिमाणे विचारात घेतली जातात. मेंदूचे विकार या तिन्हींवर एकाच वेळी आघात करतात. वारंवार फिट येणारे मूल शाळेतून काढले जाते, पक्षाघात झालेला कर्ता पुरुष वा स्त्री घराचे उत्पन्न थांबवून जाते आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाच्या देखभालीसाठी घरातील एखाद्या व्यक्तीला, बहुधा स्त्रीला, आपला रोजगार सोडावा लागतो. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा नसून विकासाच्या अर्थशास्त्राचाही आहे.

‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक अभ्यासानुसार, देशाच्या एकूण रोगभारातील असंसर्गजन्य मेंदू व मज्जासंस्थाविकारांचा वाटा १९९० मध्ये ४ टक्के होता. तो २०१९ मध्ये ८.२ टक्क्यांवर गेला. अकाली मृत्यू आणि अपंगत्व यांमुळे गमावलेली निरोगी आयुष्याची वर्षे म्हणजे रोगभार. मज्जासंस्थाविकारांच्या एकूण भारात पक्षाघाताचा वाटा सुमारे ३८ टक्के, तर अपस्माराचा सुमारे ११ टक्के आढळला. या विकारांवरील संशोधन वेगाने पुढे जात आहे. प्रश्न असा की, त्याचा लाभ रुग्णापर्यंत किती पोहोचतो?

एका गाठीचा उलगडा

हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातील पिंजौर हे गाव शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंडीगडपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच ‘पीजीआय’, १९६२ मध्ये स्थापन झाली. १९६७ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पिंजौर-कालका परिसरासह पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेशातील रुग्ण येथे येतात. अपस्माराच्या एका महत्त्वाच्या कारणाच्या अभ्यासात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

१९८० च्या दशकात देशात सी.टी. स्कॅनची सोय वाढू लागली, तेव्हा फिट आलेल्या अनेक मुलांच्या व तरुणांच्या मेंदूत एकच लहानशी गाठ दिसू लागली. ती क्षयाची असावी असे समजून कित्येकांना क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यचिकित्सकांनी अशा गाठींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. बहुसंख्य गाठी क्षयाच्या नसून डुकरांमार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अळीच्या असल्याचे त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवून दिले. या विकाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

पीजीआयमधील बालरोगतज्ज्ञांनी पुढचे पाऊल उचलले. अशी एकच गाठ असलेल्या ६३ मुलांवरील त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना अल्बेंडाझोल हे जंतनाशक आणि काहींना औषधी गुण नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळाले हे डॉक्टर व पालक दोघांनाही ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्या मुलांच्या गाठी अधिक लवकर नाहीशा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या विकाराच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली; त्यांतही जंतनाशकासोबत सूज कमी करणारे औषध देण्याची शिफारस आहे. हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. शाळेत वाटली जाणारी जंताची एक गोळी त्याला पर्याय ठरत नाही.

बाह्य परिणामांचा धडा

या रोगाचा प्रसार समजून घेणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकासाठी विशेष उद्बोधक आहे. अर्धवट शिजलेले, अळीयुक्त डुकराचे मांस खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरील विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या शरीरात अळ्या तयार होतात आणि हे चक्र पूर्ण होते. मात्र तीच अंडी दूषित हात, पाणी किंवा कच्ची भाजी यांच्याद्वारे माणसाच्या पोटात गेली, तर अळी थेट मेंदूत जाऊन बसू शकते. त्यामुळे ज्या व्यक्तीने आयुष्यात मांसाला स्पर्शही केलेला नाही, तिलाही हा विकार होतो.

एकाच्या वर्तनाची किंमत त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या दुसऱ्याला मोजावी लागते, याला अर्थशास्त्रात ‘नकारात्मक बाह्य परिणाम’ म्हणतात. अशा ठिकाणी बाजारयंत्रणा अपुरी पडते आणि सार्वजनिक खर्चाचे समर्थन तेथूनच सुरू होते. २०१४ मध्ये सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान, शुद्ध पाणीपुरवठा, मांसाची तपासणी आणि वराहपालनातील सुधारणा हे त्या अर्थाने मेंदूविकार-प्रतिबंधाचेही कार्यक्रम आहेत. डुकरांना देण्याची लस उपलब्ध असून ती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीत तयार होते. पेरू देशाच्या उत्तर भागात माणसे व डुकरे या दोघांवर एकत्रित उपचार आणि डुकरांचे लसीकरण केल्याने १०७ पैकी १०५ गावांत रोगाचा प्रसार थांबल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपचारातील दरी

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषधांनी त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविरहित जीवन जगू शकतात, तरीही अल्प उत्पन्नाच्या देशांतील सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांना आवश्यक उपचार मिळत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याला ‘उपचारातील दरी’ म्हणतात. येथे औषधाची किंमत हा मुख्य अडथळा नाही. स्वस्त औषधाचा खर्च दर रुग्णामागे वर्षाला ५ डॉलर इतका कमी असू शकतो. औषधांचा अनियमित पुरवठा, तज्ज्ञांची टंचाई आणि सामाजिक कलंक ही खरी कारणे होत. भारतीय विवाहकायद्यांतील अटींमध्येही अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायदा बदलला, पण मुलीचा आजार लपवण्याची आणि त्यापायी औषध मध्येच सोडण्याची प्रवृत्ती अजून संपलेली नाही.

पक्षाघातात ही दरी वेळेची असते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. २००८ मधील चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढवली. डोंगराळ प्रदेशात एवढ्या वेळेत मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचणे कठीण. पिंजौरहून शिमल्याकडे जाणारा रस्ता ज्या हिमाचल प्रदेशात शिरतो, त्या राज्याने २०१४ मध्ये यावर उपाय शोधला. सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयांतील डॉक्टर मोबाइलवरून तज्ज्ञांचा सल्ला घेऊन तेथेच औषध देऊ लागले आणि शासनाने ते विनामूल्य पुरवले. औषध जुनेच होते; नवी होती ती व्यवस्था.

नव्या औषधांचे मोल

अल्झायमर रोगाच्या संशोधनातही महत्त्वाचा टप्पा गाठला गेला आहे. मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिन दूर करणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅब आले. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मात्र गमावलेली स्मृती परत येत नाही आणि मेंदूला सूज येणे वा सूक्ष्म रक्तस्राव होणे, असे धोकेही आहेत. बाजारात येताना अमेरिकेतील त्याची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठेवण्यात आली. वर सांगितलेल्या ५ डॉलरच्या हिशेबाने एवढ्या रकमेत ५,३०० अपस्माररुग्णांची वर्षभराची औषधे येतात. संधिव्यय या संकल्पनेचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

याचा अर्थ नवे संशोधन अनावश्यक, असा नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. परंतु लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाच्या जवळपास ४५ टक्के घटनांचा संबंध टाळता येण्याजोग्या १४ कारणांशी आहे. अपुरे शिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह व हवेचे प्रदूषण ही त्यांपैकी काही होत.

धोरणाची दिशा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२-२०३१ या काळासाठीच्या कृती आराखड्यात अपस्मारसेवांची व्याप्ती २०२१ च्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढवण्याचे उद्दिष्ट आहे. भारताच्या दृष्टीने तीन गोष्टी अग्रक्रमाच्या ठरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अपस्माराची मूलभूत औषधे बारमाही मिळावीत. पक्षाघाताच्या उपचाराची साखळी जिल्हा रुग्णालयापर्यंत बांधली जावी. आणि स्वच्छता, पशुसंवर्धन व आरोग्य या विभागांनी पट्टकृमीविरुद्ध एकत्रित कार्यक्रम आखावा. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानापुरता न ठेवता सार्वजनिक वित्त, ग्रामविकास आणि सामाजिक न्याय यांच्याशी जोडून अभ्यासावा. पीजीआयमधील चाचणीने एका स्वस्त जंतनाशकाचे मोल दाखवून दिले. ते औषध आणि त्यासोबत फिट थांबवणाऱ्या गोळ्या प्रत्येक गरजू मुलाला वेळेवर मिळाल्या, तर त्याची शाळा सुटणार नाही. या संशोधनावर झालेल्या सार्वजनिक खर्चाचा परतावा याच कसोटीवर मोजला गेला पाहिजे.