हिरवागार बॉटलब्रश फुलत का नाही?

प्रश्न : दादरला समुद्राकाठच्या गच्चीत कुंडीतला बॉटलब्रश हिरवागार आहे, आम्ही तो छाटून नीटनेटका ठेवतो, पण फुलत नाही. खाऱ्या वाऱ्याचा परिणाम असेल का?

उत्तर : वाऱ्यावर आळ घेऊ नका. हे झुडूप ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडचं, आपल्या जांभळाच्याच कुळातलं. खारं वारं बाधलं असतं तर पानांच्या कडा करपल्या असत्या. तुमचं झाड तर हिरवंगार आहे. माझा संशय कात्रीवर आहे. फुललेली फांदी जवळून पाहा : ज्याला आपण लाल फूल म्हणतो ते खरं तर पुंकेसरांचे झुबके. तुरा सुकला की त्याच्याही पुढे कोंब वाढतो आणि मागे लाकडाला चिकटलेल्या मण्यांसारखी बोंडं उरतात. पुढचा तुरा या कोंबाच्या टोकाकडे येतो. म्हणजे नीटनेटकेपणासाठी वर्षभर शेंडे खुडले की फुलंच खुडली जातात. छाटल्याने फुटवा वाढतो, हे कबूल. पण छाटणी तुरे सुकताच, बोंडांच्या जरा मागे आणि एकदाच करावी. तरीही फुललं नाही, तर शेजारच्या टॉवरची सावली आणि नत्राचं खत तपासा. दोन्हींमुळे पानं फोफावतात, फुलं रुसतात. तूर्तास कुंडी पाच-सहा तास उन्हात ठेवा आणि कात्री कपाटात.