मिठी नदी का फुगते?

मुंबईत मिठी नावाची नदी आहे. विहार आणि पवई तलाव भरून सांडले की ते पाणी मिठीत येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी घराघरांत शिरली. माणसे दगावली.

मातीत पाणी मुरतं. डांबरावर मुरत नाही. घाणीसकट गटारातून नदीत जातं. एखाद्या इमारतीने शोषखड्डा केला, चांगलंच झालं. पण वरचं रान मोकळं असताना आपण एकट्याने बांध घातला, तर तो टिकतो का? तसंच हे. नदीकडे उतरणाऱ्या साऱ्या वस्त्यांनी पाणी अडवलं, तरच तिचा भार हलका होतो.

तरी आम्ही सांगतो, ९४४ मिलिमीटर पाऊस खड्ड्यांत मावायचा नाही. त्याला नदीचं पात्रच रुंद हवं. मिठीचं तर भराव घालून अरुंद केलं होतं.