चालता धंदा विकत घेतांना

नोकरीच्या मागें न लागतां धंदा करावा, असा उपदेश विद्यार्थ्यांस जागोजागीं ऐकावयास मिळतो. परंतु धंद्यास आरंभ कसा करावा आणि भांडवल बुडतें तें कोणत्या वाटेनें, हें सांगणारे थोडे. प्रस्तुत लेखांत आम्ही एकाच मार्गाचा विचार करणार आहों. नवें दुकान न उघडतां दुसऱ्याचा चालता, आपल्या ऐपतींतला धंदा विकत घेणें हा तो मार्ग होय. आमच्या बालवाचकांस हा विषय कदाचित् रुक्ष वाटेल. त्यांनीं तो आपल्या वडिलांस वाचून दाखवावा. कारण असा सौदा बहुधा निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेवर किंवा आईच्या दागिन्यांवर होत असतो, आणि तो फसला तर त्याची झळ घरांतील सर्वांनाच लागते.

नव्या दुकानास गिऱ्हाईक जमेपर्यंत कित्येक महिने जातात. भाडें मात्र पहिल्या महिन्यापासून द्यावें लागतें. चालत्या धंद्यांत गिऱ्हाईक पहिल्या दिवशींच दाराशीं येतें, हा मोठा लाभ. पण गिऱ्हाइकाबरोबर त्या धंद्याचीं दुखणींही आपल्याकडे येतात. जमशेटजी टाटांच्या चरित्रांत या दोन्ही बाजू दिसतात. १८६९ सालीं त्यांनीं मुंबईस चिंचपोकळी येथील दिवाळें निघालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, आणि सुमारें दोन वर्षांनीं नफा घेऊन विकून टाकली. पुढें १८८६ सालीं कुर्ल्याची धरमसी गिरणी त्यांनीं घेतली व तिचें नांव स्वदेशी ठेविलें. तेथें मात्र जुनाट यंत्रांनीं त्यांस वर्षानुवर्षें जेरीस आणलें. एवढ्या जाणत्या पुरुषाची ही कथा, तर प्रथमच गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणानें किती जपावें!

उदाहरणासाठीं आपण पिठाची गिरणी घेऊं. ती बहुतेक प्रत्येक पेठेंत असते, आणि दळण घेऊन तेथें गेला नाहीं असा विद्यार्थी विरळा. मालक विकतो कां, हा पहिला प्रश्न. वय झालें, मुलगा परगांवीं नोकरीस लागला, हीं कारणें खरीं असूं शकतात. पण शेजारच्या दोन दुकानदारांशीं सहज बोलावें म्हणजे खरें कारण कळतें. पलीकडच्या गल्लींत नवी गिरणी निघाली असेल, अथवा जागेच्या मालकानें जागा सोडण्याची नोटीस दिली असेल. विकणारा हें आपण होऊन सांगेल अशी अपेक्षा धरूं नये.

मग हिशेब. मालक तोंडानें सांगेल तो गल्ला नव्हे, विजेचीं बिलें पाहावीं. आणि तीं एका महिन्याचीं नव्हेत, बारा महिन्यांचीं. दिवाळीच्या आधीं भाजणीसाठीं आणि उन्हाळ्यांत मसाल्यासाठीं गर्दी होते. तेवढेच दिवस दाखवून वर्षाचा अंदाज सांगणारे लोक असतात. दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारानें तासभर चालली तर साडेसातांहून कांहीं अधिक युनिटें वीज खर्च होते. मालक म्हणतो, "रोज आठ तास गिरणी भरपूर चालते." तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत दीड हजारांवर युनिटें व्हावयास पाहिजेत. बिलांत सहाशेंच दिसलीं, तर मालकाच्या बोलण्यापेक्षां मीटरवर विश्वास ठेवणें बरें. दगड किती झिजले आहेत, त्यांना टाकी केव्हां लावली होती, पट्टा व मोटर कोणत्या स्थितींत आहेत, हें गिरणीच्या कामांतला माहीतगार सोबत नेऊन पाहावें. त्याला चार पैसे द्यावे लागले तरी ते वाया जात नाहींत.

किंमत योग्य कीं अयोग्य, हें ठरविण्यास आपली शाळेंतली अंकगणिताची पाटी पुरते. समजा, मागणी २,४०,००० रुपयांची आहे. महिन्याची जमा ३८,०००. वीज ९,०००, भाडें ६,००० आणि दुरुस्ती २,००० वजा जातां उरले २१,०००. येथेंच पुष्कळ लोक हिशेब थांबवितात. दिवसभर गिरणीवर उभें राहण्याची आपली मजुरी त्यांतून वजा केलीच पाहिजे! ती १५,००० धरली तर धंद्याचा खरा नफा ६,०००, म्हणजे वर्षाचा ७२,०००. याप्रमाणें घातलेली रक्कम परत येण्यास तीन वर्षें चार महिने लागतील. आता भाडेकरार दोनच वर्षांचा उरला असेल, तर हा सौदा महाग आहे, मग मालक कितीही गोड बोलो. शिवाय हातांतली सगळी रक्कम किंमतींतच घालूं नये. खेळतें भांडवल म्हणून तीनचार महिन्यांचा खर्च तरी बाजूस असावा.

जागा भाड्याची असेल तर घरमालकाची लेखी संमति घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊं नये. पागडीच्या जागेंत तर विशेषच जपावें. दुसरी गोष्ट कराची. धंद्याबरोबर विकणाऱ्याची वस्तु व सेवा कराची थकबाकी असल्यास, २०१७ च्या केंद्रीय कायद्याच्या ८५ व्या कलमाप्रमाणें विकत घेणाराही तिला जबाबदार धरला जातो. अन्नसुरक्षेची नोंदणीही विक्रीबरोबर आपल्या नांवावर येत नाहीं. ती नव्यानें करावी लागते.

विकणारा पैसे घेऊन समोरच दुसरी गिरणी काढील, ही भीति पुष्कळांस असते, आणि ती रास्त आहे. कोणास धंदा करण्यापासून रोखणारा करार आपल्याकडे सामान्यतः रद्द समजला जातो. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमांत एक अपवाद आहे. धंद्याचें गुडविल, म्हणजे जमलेलें नांव व गिऱ्हाईक, जो विकतो, त्याला ठराविक टापूंत तसाच धंदा न करण्याची अट घालतां येते. मात्र ती वाजवी असली पाहिजे. म्हणून करारपत्रांत गुडविल विकल्याचा स्पष्ट उल्लेख करावा आणि टापूही लिहावा. हें काम वकिलाकडून करून घ्यावें, स्टँपपेपर विकणाऱ्याच्या ठराविक नमुन्यावर भागवूं नये.

रक्कम कमी पडल्यास २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेखालीं बँकांकडून तारणावांचून कर्ज मिळूं शकतें: शिशु गटांत पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटांत पांच लाखांपर्यंत आणि तरुण गटांत दहा लाखांपर्यंत. परंतु बँक वर सांगितलेलाच हिशेब मागते. तो आधीं तयार असावा.

सौदा ठरल्यावर सगळी किंमत एकदम देऊं नये. कांहीं भाग राखून ठेवावा आणि जुन्या मालकानें एक महिना आपल्याबरोबर गिरणीवर बसावें, असें करारांतच घालावें. कोणाचें दळण जाडें, कोणाचें बारीक, कोण महिन्याच्या शेवटीं पैसे देतो, हें कोणत्याही वहींत लिहिलेलें नसतें. तें त्याच्याच तोंडून शिकावें लागतें. जुनी उधारी वसूल करणें त्याचें काम; तिची यादी करून दोघांनीं सह्या कराव्या, आणि महिना संपल्यावर राखलेली रक्कम पावती घेऊन चुकती करावी.