पहिल्या दिवाळीपर्यंत

पालकहो, प्रवेशाच्या दिवसांत तुम्ही आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोर तासन् तास उभे असता. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बारावीचं मार्कलिस्ट, पासबुकाची झेरॉक्स, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून आणलेलं असतं. फी भरता, पावती मुलाच्या हातात देता आणि जाताना म्हणता, "मॅडम, आता तुमच्या ताब्यात दिलंय, लक्ष असू द्या." त्यानंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांची आणि माझी गाठ पडते ती पोरगं कॉलेज सोडतं तेव्हा, दाखला न्यायला. या दोन भेटींच्या मध्ये जे घडतं, त्याविषयी आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे.

मी बरीच वर्षं प्रथम वर्षाच्या वर्गाला शिकवते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली मुलं माझ्या वर्गात असतात. जी मुलं पदवी अर्धवट सोडतात, त्यातली बहुतेक पहिल्याच वर्षात सोडतात, असं मी पाहत आले आहे. दाखला मागायला ती मार्च-एप्रिलात येतात किंवा येतही नाहीत. पण मनातून ती दिवाळीच्या आधीच कॉलेजातून उठून गेलेली असतात. जुलै ते दिवाळी, एवढाच काळ हातात असतो.

कारण विचारलं की घरचे दोन गोष्टी सांगतात. एक, त्याचं डोकं चालत नाही. दुसरी, आम्हाला परवडत नाही. दुसरी गोष्ट कधी कधी अगदी खरी असते. पहिली फार क्वचित. बारावी पास झालेल्या मुलाचं डोकं चार महिन्यांत कुठं जाणार?

मग होतं काय? शाळेत वर्गशिक्षकांना तुमचं घर, तुमची गल्ली, थोरल्या भावाचे मार्क, सगळं ठाऊक असतं. दोन दिवस दांडी पडली तर शिपाईमामा किंवा शेजारचं पोर निरोप घेऊन येतं. कॉलेजात एका वर्गात शंभरावर मुलं. तास संपला की सर पुढच्या वर्गावर जातात. मध्ये एक तास मोकळा असतो, त्या तासाला बसायचं कुठं हेसुद्धा नव्या मुलाला माहीत नसतं. विज्ञान शाखेत पुस्तकं आणि शिकवणं इंग्रजीत. त्यात मेजर, मायनर, क्रेडिट, इंटर्नल, एबीसी आयडी असे नवे शब्द रोज कानावर आदळतात, आणि सगळ्यांना कळलंय, फक्त आपल्यालाच कळलं नाही, असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्येकालाच वाटतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. असं मूल एक दिवस तासाला येत नाही. कुणी विचारत नाही. मग दुसऱ्या दिवशी येत नाही.

एका मुलीचं सांगते. जावळीच्या खोऱ्यातलं गाव, बारावीला चांगले मार्क, साताऱ्याला बी. एस्सी.ला प्रवेश. ऑगस्टच्या शेवटी तिचे वडील आले, म्हणाले, "तिचं मन लागत नाही, नाव काढून घेतो." मुलगी मान खाली घालून शेजारी उभी. मी तिला बाजूला घेऊन बसवलं आणि आठवड्याचं वेळापत्रक तिच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं. तेव्हा कळलं, आठवड्यातले दोन दिवस तिचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चाले आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधीच सुटे. पहिल्या आठवड्यात ती प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळत स्टँडवर गेली. नंतर जर्नल अपुरं म्हणून बोलणी खाल्ली. मग प्रॅक्टिकललाच जाणं सोडलं. घरी सांगितलं तर शिक्षण बंद करतील या भीतीनं सांगितलं नाही, कॉलेजात सांगायचं कुणाला ते माहीत नव्हतं. त्यात बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत होता. आता सवलतीचा का होईना, पण पैसे भरून काढावा लागत होता आणि त्या पैशांसाठी दर महिन्याला घरी तोंड उघडणं तिला नको झालं होतं. तिची प्रॅक्टिकलची बॅच बदलून सकाळची करायला आम्हाला एक अर्ज लागला. ती मुलगी पदवीधर झाली.

तिच्या वडिलांनी म्हटलेलं "मन लागत नाही" हे खोटं नव्हतं. पण त्या तीन शब्दांच्या मागे एसटीचं वेळापत्रक होतं. तुमच्या घरात हे शब्द आले तर तिथंच थांबू नका, मागं काय आहे ते शोधा.

ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. अमेरिकेत साऊथ कॅरोलायना विद्यापीठानं १९७२ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी खास एक अभ्यासक्रमच सुरू केला, कॉलेजात कसं रुळायचं हे शिकवणारा. पुढं तिथल्या असंख्य कॉलेजांनी तो धडा गिरवला. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते न्यूयॉर्कचं उदाहरण. त्या शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाची दोन वर्षांची, कमी फीची कम्युनिटी कॉलेजं आहेत. कष्टकरी घरांतली, नोकरी करत शिकणारी मुलं तिथं येतात आणि मोठ्या संख्येनं गळतात. २००७ साली त्यांनी 'एसॅप' नावाचा कार्यक्रम काढला. त्यात काय दिलं? फीमधली उरलेली तूट भरून काढली, पुस्तकांना मदत केली, शहरातल्या बस-रेल्वेचा पास दिला आणि प्रत्येक मुलाला एक सल्लागार नेमून दिला, ज्याला नियमित भेटणं सक्तीचं होतं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं मुलांचे दोन गट करून तपासणी झाली. तीन वर्षांनी, कार्यक्रमात असलेल्यांपैकी ४० टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, नसलेल्यांपैकी २२ टक्के. बसचा पास आणि नाव घेऊन चौकशी करणारं माणूस या दोन्ही गोष्टी त्यात आहेत, हे लक्षात घ्या.

आपल्या मातीत तर हे त्याच्या कितीतरी आधी झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांचं वसतिगृह सुरू झालं, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत, आपली कामं आपण करत. खेड्यातलं पोर शहरात आलं की आधी त्याला जेवायला ताट, झोपायला जागा आणि मायेचं माणूस लागतं, पुस्तक त्यानंतर, हे भाऊरावांनी ओळखलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, ही गोष्ट साताऱ्यात घरोघर सांगितली जाते. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' हे तत्त्व घेऊनच. भाऊरावांचं स्वतःचं शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. म्हणून तर गळणारं पोर त्यांना लांबून दिसायचं.

आज कॉलेजांकडून काय व्हायला हवं हे कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' या नावानं नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा आणि रुळण्याचा कार्यक्रम आखून दिला. लहान गट करा, प्रत्येक गटाला एक शिक्षक द्या, त्यानं मुलांशी बोलत राहावं, असा त्याचा गाभा. काही ठिकाणी तो मनापासून होतो. काही ठिकाणी एक दिवस दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, चार भाषणं आणि चहा-बिस्किटं झाली की संपतो. असा उरकलेला दीक्षारंभ नसल्यासारखाच आहे, हे मी शिक्षक म्हणून स्पष्ट सांगते. पण बहुतेक कॉलेजांत शिक्षक-पालक योजना असते, म्हणजे तुमच्या मुलाची जबाबदारी कुणा एका शिक्षकाकडं दिलेली असते. त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे का? मुलाला तरी माहीत आहे का? नसेल तर पहिलं काम ते करा. नाव विचारा, नंबर घ्या, एकदा येऊन तोंडओळख करून घ्या.

लेक सासरी गेली की पहिलं वर्षभर आपण कशी चौकशी करतो? जेवलीस का, कुणाशी बोलतेस, करमतं का, असंच ना? तशीच चौकशी कॉलेजात गेलेल्या लेकराची करा. आपण विचारतो, "अभ्यास कसा चाललाय?" उत्तर ठरलेलं, "बरा चाललाय." त्याऐवजी विचारा, "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" गणपतीपर्यंत या प्रश्नाला एखादं नाव यायला हवं. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्यात कॉट बेसिसवर राहणारा मुलगा असेल तर रूम पार्टनर कुठला, मेसचं जेवण कसं आहे, हे विचारा. रोज एकट्यानं डबा खाणारं मूल मला काळजीचं वाटतं, मग त्याचे मार्क कितीही असोत.

आता थोडं कडू बोलते. पहिल्या सत्राची परीक्षा साधारण दिवाळीच्या आसपास येते. नेमकी त्याच सुमाराला तासगाव-मिरज भागात द्राक्षाची फळछाटणी चालते. मजूर मिळत नाहीत, म्हणून पोराला आठ दिवस बागेत थांबवलं जातं. आठाचे पंधरा होतात. बाग म्हणजे वर्षाचं पीक आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज, हे मला कळतं. मी तुम्हाला दोष देत नाही. पण पहिल्या वर्षातले ते पंधरा दिवस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या पंधरा दिवसांसारखे नसतात. रुळलेलं मूल बुडालेलं भरून काढतं, नवखं मूल परत वर्गात यायलाच लाजतं. थांबवणं भागच असेल तर शिक्षकांना आधी कळवा आणि तो परत कधी येणार ती तारीख सांगा.

विटा-खानापूर-आटपाडीकडं वेगळी ओढ आहे. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात तिकडची माणसं देशभर पसरली आहेत. मामाचं, चुलत्याचं दुकान कुठंतरी दक्षिणेत असतं आणि "शिकून काय करणार, इकडं ये" असा फोन येतो. साताऱ्यात तीच ओढ सैन्य-पोलीस भरतीची. पहाटे पळायला जाणारी, अकॅडमी लावलेली मुलं कॉलेजात नाव ठेवतात आणि वर्गात दिसत नाहीत. धंदा वाईट नाही, भरती तर अभिमानाचीच. पण भरतीत उंची, छाती, धाव, मेडिकल यांतलं काहीही आडवं येतं आणि वयाची मर्यादा निघून जाते. त्या दिवशी हातात पदवी असलेला मुलगा आणि नसलेला मुलगा यांच्यासमोरचे रस्ते फार वेगळे असतात.

मुलींच्या बाबतीत एकच सांगते. अठरा पूर्ण झाली, स्थळ चांगलं आहे, "लग्नानंतर शिकवतील म्हणतात," हे वाक्य मी फार ऐकलं आहे. तसं शिकवणारी घरं आहेत, मी पाहिली आहेत, पण थोडी. पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला पाहुणे दाखवायला सुरुवात झाली की तिचं पुस्तक मिटलं, एवढं नक्की. तीन वर्षं थांबा.

पैशांचं म्हणाल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, अशा योजना आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, अर्ज महाडीबीटीवर की समाजकल्याणकडं हेही वेगळं. त्यामुळं कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारा, आणि तहसील कार्यालयातले दाखले मुदत संपायच्या आधी काढून ठेवा. दाखल्याअभावी हुकलेली शिष्यवृत्ती हे कॉलेज सुटण्याचं फार हळहळ लावणारं कारण आहे, कारण ते टाळता येतं.

आणि पहिला निकाल. दोन विषय राहतात, एटीकेटी लागते, घरात स्मशानशांतता. एटीकेटी म्हणजे नापास होऊन घरी बसणं नव्हे. राहिलेले विषय सोडवत पुढच्या वर्गात शिकत राहायची सोय आहे ती. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची वाटही ठेवली आहे. ती अडलेल्यासाठी आहे, परत येता यावं म्हणून आहे. "एक सर्टिफिकेट मिळतंय ना, मग बास झालं," असं म्हणून मुलाला त्या वाटेनं ढकलू नका. त्या एका वर्षाच्या कागदावर नोकरी देणारं कुणी मला तरी अजून भेटलेलं नाही.

तेव्हा निकाल लागला आणि मन खचलं, तर घरात ठरवून टाकण्याआधी मुलाला घेऊन कॉलेजात या. शिक्षक-पालकांसमोर तिघं मिळून बसू. कामाचा दिवस बुडत असेल तर आधी फोन करा, तुमच्या गाडीच्या वेळेप्रमाणं आम्ही थांबू. इस्त्रीचे कपडे नसले तरी चालेल, इंग्रजी येत नसलं तरी चालेल. दाखला मागायच्या आधी एकदा या.