पैनगंगेचा उन्हाळी काठ

किनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याने समुद्र पाहायचा तर त्याला जवळजवळ सारा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. परंतु नांदेड जिल्ह्याला उत्तरेकडे पैनगंगेचा जो काठ लाभला आहे, तो खडकाळपणात सागरकिनाऱ्याला हार जाणारा नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावलेली ही नदी बऱ्याच अंतरापर्यंत विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा आखीत जाते. पुढे ती वर्धेला, वर्धेचे पाणी प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे नांदेडच्या घाटावरून वाहून गेलेल्या पाण्याला आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचे पाणी फार दूर जाऊन भेटते!

मी मूळचा लातूरचा. नदी म्हणजे मांजरा आणि मांजरा म्हणजे धनेगावच्या धरणात पाणी किती उरले याची चर्चा, इतकीच माझी नदीविषयीची समजूत होती. त्यामुळे परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यात आम्ही तिघे मित्र इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला गेलो, तेव्हा घाई अशी कसलीच नव्हती. सकाळपासून उन्हे कलेपर्यंत पात्रातच भटकलो. दुपारी मात्र झाडाची सावली सोडवत नव्हती.

सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला लोक पावसाळ्यात जातात. अभ्यासाच्या दृष्टीने मला उन्हाळाच बरा वाटतो, कारण पुरात झाकलेला खडक तेव्हा उघडा पडतो. हा खडक बेसाल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले, त्यातलाच हा. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. अडकलेल्या वायूंची भोके राहतात. नदीला एवढे निमित्त पुरते. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा एखाद्या लहानशा खोलगटात गरगर फिरू लागतो, खडक झिजवतो आणि स्वतःही झिजतो. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की त्या खोलगटाचा रांजण होतो. शेजारशेजारचे दोन रांजण वाढत जाऊन मधली भिंत फुटली की पाण्याला नवी वाट मिळते. कुकडी नदीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या घडणीचा नियम हाच. एका खळग्यात मी खांद्यापर्यंत हात घातला, तर तळाशी सुपारीएवढे गुळगुळीत गोटे होते. परशुरामाच्या बाणाने नदीच्या सहस्र धारा झाल्या, अशी कथा सांगतात. जवळच माहूरला रेणुकामाता असल्यावर ही कथा येथे रुजली नसती तरच नवल.

या काठाला इतिहासही आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैलतीर इंग्रजांचा, ऐलतीर निजामाचा झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पलीकडे उमरखेडला सीमेवरचे शिबिर होते. नदीला उतार कोठे आहे, हे ठाऊक असणाऱ्या माणसाचे मोल तेव्हा काय असेल, याची कल्पना कोरड्या पात्रात उभे राहिले की येते.

हे कोरडेपण मात्र मनात सलत राहिले. वाळूत झिरा खोदून वाटीने घागर भरणारे एक आजोबा भेटले.

"कुठलं गाव पोरहो?"

"लातूर, आजोबा."

"म्हंजे तुम्ही रेल्वेचं पाणी पिलेले!" ते हसले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, ते त्यांना पक्के ठाऊक होते. "आमच्याकडं रेल्वे बी येत न्हाई पाणी घेऊन. धरणातून सोडलं तर नदी, न्हाई तर नुसते दगडं."

धरण म्हणजे वरच्या अंगाचे इसापूर. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या त्या पाण्यावर अर्धापूरकडच्या केळीच्या बागा उभ्या आहेत. त्या बागा वाळू द्याव्यात, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण धरणाखालची गावे जवळजवळ दर उन्हाळ्यात नदीत पाणी सोडा म्हणून अर्ज-विनंत्या करतात, हेही तितकेच खरे. १९६९ मध्ये नेमलेल्या गोदावरी लवादाने १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला. त्याने वाटणी केली ती राज्याराज्यांत. काठावरच्या गावाची घागर हा त्याचा विषय नव्हता. तो कोणाचा विषय आहे, हे अर्थशास्त्र आणि भूगोल या दोन्ही विभागांनी मिळून तपासावे, असे मला वाटते.

निदान एवढे तरी आपल्याला करता येईल. येत्या मे महिन्यात सहस्रकुंडापासून वरच्या अंगाला दोन-तीन कोस चालत जावे, झिरे किती आहेत ते मोजावे आणि प्रत्येकात किती खोलीवर पाणी लागते, याची नोंद करावी. एक वही, एक मोजपट्टी आणि भाकरीची शिदोरी पुरे. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधीच विचारून ठेवावी.