नाव आपलं, नोंद कुणाची?

वडवणीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीकविमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा ही रोजची कामं. मधूनच कुणाला दुकानाची नाहीतर शाळेची वेबसाइट हवी असते. मग त्यांना डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, घेऊन देतो. या धंद्यात बसून जे कळलं ते इथे लिहिलं आहे. मोठ्या शहरातल्या कंपन्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. हे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांसाठी आहे.

१. नाव घेण्याआधी ते कुणाला तरी फोनवर सांगून बघा.

आपल्या गावाचंच नाव घ्या. इंग्रजीत लिहिताना कुणी पहिलं अक्षर ‘डब्ल्यू’ घेतं, कुणी ‘व्ही’. मधे ‘एच’ घुसला की सिंधी लोकांचं वाधवानी आडनाव होतं आणि पहिलं अक्षर ‘बी’ पडलं की थेट मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा. गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना ‘डब्ल्यू ए डी, मग परत डब्ल्यू’ अशी बाराखडी म्हणावी लागत असेल तर ते नाव घेऊ नका.

देवनागरीत नाव घ्यायची सोय आहे. २७ ऑगस्ट २०१४ ला ‘डॉट भारत’ सुरू झालं. पहिल्याच यादीतल्या आठ भाषांत हिंदी, कोकणीबरोबर मराठीही होती. पाटीवर, फ्लेक्सवर हे नाव छान शोभतं. अडचण ईमेलला येते. पडद्यामागे देवनागरी नावाचं ‘एक्स एन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या साखळीत रूपांतर होतं, आणि पुष्कळ जुने फॉर्म असा पत्ता स्वीकारतच नाहीत. मी दोन्ही घ्या म्हणतो. खिसा एकाचाच असेल तर ‘डॉट इन’ घ्या.

एका अक्षराने काय होतं, हे मुंबई हायकोर्टाने १९९९ मध्येच पाहिलंय. ‘रेडिफ’शी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ नाव दुसऱ्याने घेतलं होतं, कोर्टाने त्याला ते वापरायला मनाई केली. पुढे २००४ मध्ये ‘सिफी’च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. कायदा आपल्या बाजूचा आहे, यात वाद नाही. पण वडवणीतला कृषी सेवा केंद्रवाला एका अक्षरासाठी हायकोर्टाच्या पायऱ्या चढणार आहे का?

२. पैसे कुणी भरले हे विचारू नका, नोंद कुणाची आहे ते विचारा.

माझ्याकडे येणाऱ्या भांडणांत सगळ्यात जास्त भांडणं याचीच. ठिबकचं साहित्य विकणारे एक गृहस्थ आले. पावती त्यांची, पैसे त्यांचे, साइटवर फोटोही त्यांचाच. फक्त डोमेन ज्या खात्यात होतं ते खातं साइट बनवून देणाऱ्या पोराचं, त्यावरचा मेल त्याचा आणि मोबाइलही त्याचाच. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं, नंबर बदलला. “दादा, पैसे तर मी दिले ना?” हे ते पुन्हापुन्हा म्हणत होते. जमिनीचा व्यवहार करताना हाच माणूस फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत तलाठ्याच्या दारातून हलला नसता. इथे मात्र त्याने उतारा कधी मागितलाच नव्हता.

यात फसवणूक असतेच असं नाही. पोरगं घाईत असतं, गिऱ्हाइकाकडे स्वतःचा मेल नसतो, म्हणून ते आपलाच टाकून मोकळं होतं. पण ओटीपी जिथे जातो तिथे मालकी जाते. म्हणून माझा नियम साधा आहे. आधी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर त्याच्याच नावाचा मेल उघडायचा, पासवर्ड त्यानेच टाकायचा, मी मान वळवून बसायचं. मग त्या मेलवर डोमेनचं खातं काढायचं. काम झाल्यावर खात्यात शिरून ‘रजिस्ट्रंट’ म्हणून कुणाचं नाव आहे ते त्याला दाखवायचं. या सगळ्यात वेळ जातो आणि त्याचे जादा पैसे कुणी देत नाही, हेही खरं.

अजून एक. ‘डोमेन विकत घेतलं’ असं आपण म्हणतो, पण विकत काहीच मिळत नाही. ‘डॉट इन’चा कारभार ‘निक्सी’ ही संस्था बघते. तिने मान्यता दिलेल्या विक्रेत्यांकडून आपल्याला ते नाव एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत वापरायला मिळतं. पहिल्या वर्षाचा जाहिरातीतला भाव आणि पुढच्या वर्षीचा नूतनीकरणाचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. म्हणून भाव विचाराल तो दुसऱ्या वर्षाचा विचारा.

३. मुदत संपते, आणि ती संपल्याचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं.

एका शाळेने प्रवेशाच्या पत्रकावर वेबसाइटचा पत्ता छापला होता. एका पालकाने दुकानात येऊन तो उघडायला सांगितला. माझ्या पडद्यावर रंगीत फिरती चाकं आली, परदेशी भाषेतला मजकूर आला, आणि खाली पैसे लावण्याचं बटण. ऑनलाइन जुगार. पालक माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच काही भलतं उघडलंय. झालं एवढंच होतं की मुदत संपली, आठवणीचे मेल बदलून गेलेल्या शिक्षकाच्या पत्त्यावर गेले आणि नाव मोकळं होताच तिऱ्हाइताने उचललं. शाळेचा पत्ता वर्षानुवर्षं इकडे-तिकडे दिलेला असतो, गुगलला तो ओळखीचा असतो. जुगारवाल्यांना ही ओळखच हवी असते, शाळेशी त्यांना काय देणंघेणं.

‘डॉट कॉम’सारख्या नावांना मुदत संपल्यावर विक्रेता सहसा काही दिवसांची सवलत देतो. पुढे दंड भरून नाव सोडवायला ३० दिवस मिळतात. तेही गेले की नाव ज्याच्या हाती लागेल त्याचं. शाळा, संस्था यांनी निदान पाच वर्षांचं भरून टाकावं आणि तारीख कार्यालयातल्या भिंतीवर लिहून ठेवावी. मेलही कुणा सरांचा नको, संस्थेचा हवा.

आता हेच मोबाइल नंबरचं बघा. आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. फडात रिचार्जच्या आधी किराणा लागतो. नंबर फार दिवस बंद राहिला की कंपनी तो काढून घेते, आणि पुढचे ९० दिवस गेले की तोच नंबर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. बँकेत, आधारला, पीकविम्याला मात्र जुनाच नंबर. माणूस गावी येतो, अनुदानाचं काम घेऊन माझ्यासमोर बसतो आणि ओटीपी जातो भलत्याच मोबाइलवर. “माझाच नंबर हाय की!” म्हणतो. नंबर त्याचा होता, आता राहिला नाही. म्हणून टोळी निघायच्या आधी मी सांगतो, गावात थांबणाऱ्या घरच्या माणसाकडे ते सिम ठेवा, आणि मोबाइलवर काही नाही केलं तरी किमान मुदतीचं रिचार्ज करा. नंबर बदललाच तर आधी बँकेत आणि आधारला सांगा, व्हॉट्सअॅपचं नंतर बघू.

४. पत्ता उजवीकडून वाचा.

‘पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन’ सरकारी आहे. समजा कुणी ‘पीएमकिसान डॅश जीओव्ही डॉट इन’ असा पत्ता पाठवला, तर तो सरकारी नाही, कारण तिथे ‘जीओव्ही’च्या आधी डॉटच्या जागी डॅश आहे. असं नाव पैसे भरून कुणीही घेऊ शकतं. जन्मदाखल्याच्या बनावट साइट्स अशाच मिळत्याजुळत्या नावांनी चालल्या आहेत. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, ही समजूतही सोडा. मधल्या वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. वाटेच्या टोकाला चोर बसलाय की साव, हे त्याला माहीत नसतं.

बँकांच्या बाबतीत आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट राखून ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांनी तिकडे जावं असं सांगितलं. बँकेशिवाय इतर कुणाला हे नाव मिळत नाही. मल्टिस्टेट पतसंस्था आणि बँक यांतला फरक काय, हे आमच्या बीड जिल्ह्याला फार महागात शिकावं लागलं. आता तो फरक पत्त्यातही दिसतो.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका ‘एपीके’ म्हणून आली तर उघडू नका. पत्रिकेला फोटो पुरतो, ॲप लागत नाही. पैसे गेलेच तर मला शोधत बसू नका, आधी १९३० लावा. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

५. दुसऱ्याची कागदपत्रं आपल्या संगणकात मुक्कामाला ठेवू नका.

हे माझ्या धंदेबंधूंसाठी. कोणत्याही ऑनलाइन दुकानातल्या संगणकाचा ‘डाउनलोड्स’ कप्पा उघडून बघा. ‘आधार नवीन’, ‘आधार नवीन १’, ‘पासबुक आई’, ‘फोटो सही’. अर्ध्या गावाचं घरदार त्यात असतं, आणि त्याच संगणकावर दुपारी कुणाचं तरी पोरगं गेम खेळतं. काम झालं की फाइल पुसायची, रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सअॅप वेब बंद करून मगच शटर ओढायचं. लोकांची खासगी माहिती जपण्याचा कायदा आला म्हणून नव्हे, तो तर २०२३ मध्ये झालाच आहे. माणूस आपल्यासमोर विश्वासाने कागद ठेवतो म्हणून. गिऱ्हाइकांनीही आधारचे पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क’ प्रत चालते का, हे विचारायला लाजू नये.

६. अंगठा परत ठेवायला सांगितला तर का ते विचारा.

आधारवर पैसे काढताना अंगठा हीच सही. “उमटला नाही मावशी, परत ठेवा” हे कधी खरंही असतं, ऊसतोडीने रेषा झिजलेल्या असतात. पण दर वेळी पडद्यावर काय आलं ते बघा, पावती मागा, आणि वाचता येत नसेल तर शिकत्या नातीला बरोबर आणा.

७. बंद करायचं तर मोठ्यांनीही करायचं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास मोबाइल, टीव्ही बंद. त्याच वर्षी यवतमाळमधल्या बांशी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दुसऱ्या ठरावामागची तळमळ समजते, पण मला पहिला पटतो. बाप रील बघत बसणार आणि पोराने अभ्यास करायचा, हे कुठल्याही ठरावाने जमत नाही. वडवणीला नगरपंचायत आहे, त्यामुळे ग्रामसभेचा प्रश्न आमच्या गावात येत नाही. तालुक्यातल्या इतर गावांत मात्र ग्रामसभाही भरते आणि देवळावर स्पीकरही असतो. कुणाला हा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडायचा असेल तर या, अर्ज टाइप करून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.